दंतप्रयोगशाळेतील संसर्ग-नियंत्रण (कोल्हापूर)

दंतवैद्याने घेतलेल्या मापावरून, म्हणजे दात-हिरड्यांच्या ठशावरून, कवळी, कॅप किंवा ब्रिज घडवताना रुग्णाच्या तोंडातले जंतू तंत्रज्ञाला, तसेच एका रुग्णाच्या कामातून दुसऱ्याच्या कामाला लागू नयेत म्हणून पाळायची पद्धत. दंतप्रयोगशाळेला व्यवहारात नुसते ‘लॅब’ म्हणतात. येथे रुग्ण येत नाही. येते ते त्याचे माप, मेणाची बाईट (वरचे-खालचे दात कसे मिटतात त्याचा मेणातला ठसा), ट्रायलहून, म्हणजे रुग्णाच्या तोंडात बसवून पाहून, परतलेले काम, दुरुस्तीची जुनी कवळी. माणूस समोर नाही म्हणून धोकाही नाही असे वाटते, आणि हयगय तिथूनच सुरू होते. मापाच्या खाचांत लाळ असते, पुष्कळदा रक्तही. हिपॅटायटिस-बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात किमान 7 दिवस तग धरतो.

कोल्हापूर शहरातील लॅबकडे गडहिंग्लज, गारगोटी, इचलकरंजी अशा ठिकाणांहूनही काम येते. अल्जिनेटचे (पाण्यात कालवून घट्ट होणाऱ्या भुकटीचे) माप उघडे राहिले तर आकसते, पाण्यात राहिले तर फुगते. एवढा प्रवास त्याला सोसत नाही. म्हणून दूरच्या दवाखान्यात त्यात तिथेच प्लास्टर ओतून मॉडेल (दातांची प्लास्टरची प्रतिकृती) पाठवणे सोयीचे पडते. माप आधी निर्जंतुक केले नसेल, तर जंतू मॉडेलवर उतरतात, आणि पांढरे, कोरडे मॉडेल हातात घेताना कुणाला शंकाही येत नाही. लॅबमध्ये ते टोकरताना उडालेली पूड नाकातोंडात जाते.

माप तोंडातून काढताच वाहत्या पाण्याखाली धुवावे. हे आधी, कारण लाळ-रक्त राहिले तर क्लोरीनचा जोर त्यातच संपतो. मग 1 टक्का सोडियम हायपोक्लोराइट (क्लोरीनयुक्त जंतुनाशक द्रावण) फवारून माप 10 मिनिटे बंद पिशवीत ठेवायचे, पुन्हा धुवायचे. सिलिकॉनचे माप द्रावणात बुडवले तरी चालते. द्रावण उन्हाने, उष्णतेने कमजोर होते, म्हणून रोज ताजे करावे. धातूच्या कामाला ते वापरू नये, धातू गंजतो.

लॅबमधली सर्वांत दुर्लक्षित जागा म्हणजे पॉलिशच्या लेथखालची (फिरत्या चाकाच्या यंत्राखालची) प्युमिसची, म्हणजे घासून चकाकी आणणाऱ्या दगडी पुडीची, परात. ओला प्युमिस दिवसेंदिवस तोच राहतो, वरून पाणी तेवढे घातले जाते. तोंडात घालून आलेली कवळी त्याच प्युमिसवर, त्याच कापडी चाकावर घासली जाते आणि पुढच्या रुग्णाची नवी कवळीही. चाक फिरले की शिंतोडे थेट कारागिराच्या चेहऱ्यावर येतात. उपाय स्वस्त आहे: प्रत्येक कामाला लागेल तेवढाच प्युमिस वेगळा घ्यावा आणि टाकून द्यावा, चाके धुऊन ऑटोक्लेव्ह करावीत (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करावीत), चष्मा-मास्क लावावा. एवढे न करण्याला कोणतेही कारण पुरत नाही.

धातूच्या कॅपचे ओतकाम कोल्हापूरच्या उद्यमनगर या औद्योगिक भागातल्या फाउंड्रीतील (ओतशाळेतील) माणसालाही ओळखीचे वाटेल. साच्यातले मेण भट्टीत जळून जाते, तिथे जंतू उरत नाहीत. पण तीच कॅप ट्रायलला तोंडात जाऊन परत आली की पुन्हा अस्वच्छ ठरते.

1948च्या दंतवैद्य अधिनियमाने डेंटल मेकॅनिकच्या (लॅबमधल्या तंत्रज्ञाच्या) नोंदणीची तरतूद केली. तरी बाकावर काम पाहत शिकलेल्यांचा हात तयार होतो, जंतूंची माहिती मात्र राहून जाते. प्रत्येकाने हिपॅटायटिस-बीची लस घ्यावी: पहिला डोस, मग 1 आणि 6 महिन्यांनी. कामाच्या बाकावर चहा-वडा नको.

खरी गफलत दवाखाना आणि लॅब यांच्या मध्ये होते. दंतवैद्याला वाटते लॅब करेल, लॅबला वाटते डॉक्टरांनी केलेच असेल. दोघांनीही केले तर अल्जिनेट फुगून कवळी बसत नाही. म्हणून मापासोबतच्या चिठ्ठीवर कोणते द्रावण, किती वेळ, हे लिहिलेले असावे. चिठ्ठीत उल्लेख नसेल तर लॅबने दवाखान्याला फोन करून विचारावे. तोवर हातमोज्याशिवाय पार्सल उघडू नये. तयार कवळीही निर्जंतुक करून, धुऊन, ओलसर राहील अशा बंद पिशवीतच परत पाठवतात.