झोकांड्या खाणारा उंदीर आणि न्यूरॉनची वाट

मेंदूच्या कॉर्टेक्समधला, म्हणजे बाहेरच्या थरातला, न्यूरॉन (चेतापेशी) जिथे काम करतो, तिथे तो जन्मलेला नसतो. गर्भाच्या मेंदूत आत द्रवानं भरलेल्या पोकळ्या असतात. त्यांच्या कडेला पेशी विभागतात आणि नवे न्यूरॉन तिथून पृष्ठभागाकडे चालू लागतात. त्यांना वाट दाखवणारे रेणू सापडले ते एका आजारी उंदरामुळे.

एडिंबरोत डग्लस फाल्कनर यांनी १९५१ साली या उंदराचं वर्णन प्रसिद्ध केलं. पिल्लू चालायला लागलं की झोकांड्या खायचं, मागचा भाग सावरता न येऊन कुशीवर पडायचं. म्हणून नाव पडलं 'रीलर'. दोष कुठे आहे, हे मात्र तेव्हा सांगता येत नव्हतं.

१९६१ साली अँजेव्हिन आणि सिडमन यांनी गाभण उंदरिणींना किरणोत्सारी थायमिडीन, म्हणजे डीएनएचा एक घटक, दिलं. त्या दिवशी जन्मणाऱ्या पेशींवर त्याची खूण राहते. पुढे पिल्लांचे मेंदू पाहिले, तर आधी जन्मलेल्या पेशी खाली होत्या आणि उशिरा जन्मलेल्या त्यांना ओलांडून वर गेल्या होत्या. रीलरमध्ये हीच रचना साधारण उलटी आढळली: मागून आलेल्यांना पुढच्यांना ओलांडताच येत नव्हतं. १९७२ मध्ये पास्को राकिच यांनी माकडाच्या गर्भात दाखवलं, की न्यूरॉन ग्लिया या आधार देणाऱ्या पेशींच्या लांब तंतूंना धरून वर चढतात. दोर होता, चढणारे होते. खुणेची पाटी कोण लावतं, हे बाकी होतं.

त्याचं उत्तर जवळपास योगायोगानं मिळालं. अमेरिकेत टॉम करन यांच्या प्रयोगशाळेत फॉस नावाच्या जनुकावर काम चाललं होतं. बाहेरून घातलेला डीएनएचा तुकडा भलत्याच जागी जाऊन बसला आणि ते उंदीर झोकांड्या खाऊ लागले. रीलरशी संकर केल्यावर काही पिल्लं तशीच निघाली, म्हणजे बिघडलेलं जनुक एकच! त्या धाग्यावरून १९९५ मध्ये जनुक हाती आलं आणि त्याच्या प्रथिनाला नाव मिळालं रीलिन. कॉर्टेक्सच्या अगदी वरच्या थरातल्या काहाल-रेट्झियस पेशी ते बाहेर सोडतात. या पेशी एकोणिसाव्या शतकातच सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या होत्या, त्यांचं काम कळायला शंभरेक वर्षं गेली. रीलिनचा संदेश घेणारे पेशीवरचे दोन ग्राहक (रिसेप्टर) १९९९ पर्यंत सापडले. गंमत म्हणजे ते लिपोप्रथिनांच्या, म्हणजे रक्तातून चरबी वाहून नेणाऱ्या कणांच्या, ग्राहकांच्याच कुळातले.

काहाल-रेट्झियस पेशींचा एक मोठा उगम कॉर्टेक्सच्या कडेच्या पट्टीत असतो. या पट्टीवर मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, शुभा टोळे यांच्या गटानं मोलाचं काम केलं आहे.

पण पाटी वाचता आली तरी पाय चालायला हवेत. ज्या मुलांच्या मेंदूला वळ्या नसतात, त्यांच्या अभ्यासातून १९९३ मध्ये लिस-१ हे जनुक मिळालं. दोनच वर्षांनी एका बुरशीत त्याचा भाऊबंद सापडला. तो बिघडला, की बुरशीच्या तंतूत केंद्रकं पुढे सरकतच नाहीत. न्यूरॉनही आधी लांब टोक पुढे टाकतो आणि मग केंद्रक ओढून घेतो. लिस-१ बिघडलं, की ही ओढच अडते.

१९९८ साली एक्स गुणसूत्रावरचं डबलकॉर्टिन जनुक सापडलं. ते बिघडलेल्या मुलग्यांचा मेंदू गुळगुळीत राहतो. मुलींच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच एक्स जागा असतो. त्यामुळे काही पेशी वर पोहोचतात, तर काही मध्येच थांबतात. एमआरआयमध्ये कॉर्टेक्सच्या खाली दुसरा पट्टा दिसतो: अर्ध्या वाटेवर राहिलेल्या न्यूरॉनांचा.