कार्यकारणभाव, बालकांमधील

एक घटना दुसरीमुळे घडते, हा संबंध लहान मुलाच्या ध्यानात येण्याची प्रक्रिया आणि तो त्याला उलगडून दाखविण्याची रीत, अशा दोन्ही अर्थांनी ही संज्ञा बालशिक्षणात वापरतात. न्यायदर्शनात हा संबंध अन्वय (कारण असता कार्य असणे) व व्यतिरेक (कारण नसता कार्य नसणे) यांवरून पारखला जातो.

मुलाला हा संबंध कोणत्या वयापासून कळतो, याविषयी एकमत नाही. स्विस मानसशास्त्रज्ञ झां प्याजे (१८९६–१९८०) यांनी १९२० नंतरच्या दशकात मुलांच्या मुलाखती घेऊन असे प्रतिपादिले की, साधारणतः ७-८ वर्षांपर्यंतचे मूल कार्यकारणपूर्व विचार करते; म्हणजे ते निर्जीव वस्तूंना हेतू चिकटविते आणि सूर्य-चंद्र माणसांनीच केले असे मानते. परंतु हे प्रश्न बहुधा वारा, ढग, सूर्य अशा मुलाच्या हाताबाहेरच्या गोष्टींविषयी होते आणि उत्तरे तोंडी मागितलेली होती. मेरी बुलक व रॉशेल गेलमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मुलांसमोर प्रत्यक्ष खेळणे ठेवले, तेव्हा ३ ते ५ वर्षांची मुले परिणामाच्या आधी घडलेली घटनाच कारण म्हणून निवडतात, असे आढळले. मात्र त्याचे स्पष्टीकरण शब्दांत देणे लहानांना जड गेले. त्यामुळे प्याजे यांना मुलांच्या तर्कापेक्षा त्यांच्या माहितीची व भाषेची मर्यादाच अधिक दिसली असावी, हे मत ग्राह्य वाटते. ॲलन लेस्ली व स्टेफनी कीबल (१९८७) यांना सुमारे ६ महिन्यांच्या अर्भकांतही याची चाहूल लागली. तिला आकलन म्हणावे की निव्वळ संवेदन, हे विवाद्य आहे.

मराठी घरांत हा संबंध बहुधा प्रथम चिऊ-काऊच्या गोष्टीतून भेटतो. पाऊस दोघांवरही सारखाच पडतो. वाहून जाते ते शेणाचे घर, मेणाचे टिकते. परिस्थिती एक आणि द्रव्य वेगळे, अशी ही व्यतिरेकाची सुबक मांडणी आहे (मेण उन्हात वितळेल, ही शंका मोठ्यांची). ‘पाऊस आला म्हणून घर वाहून गेले’ या वाक्यात शब्दांचा क्रम घटनांच्या क्रमाने जातो, ‘कारण’ वापरल्यास तो उलटतो. तेव्हा लहानग्यांशी बोलताना ‘म्हणून’ अधिक सोयीचे.

ताराबाई मोडक व गिजुभाई बधेका यांनी पुरस्कारिलेल्या माँटेसरी पद्धतीत खुलाशाचे काम बव्हंशी साहित्याकडे असते: लाकडी ठोकळ्याच्या लहानमोठ्या खाचांत त्या त्या मापाचे दट्टे (मुठीचे दंडगोल) बसवायचे असतात; एखादा दट्ट्या चुकीच्या खाचेत घातला, तर शेवटी एक दट्ट्या न बसता उरतो आणि मूल मागे जाऊन चूक शोधते.