गालावर नसलेला व्रण

१९८० साली रॉबर्ट क्लेक आणि अँजेलो स्ट्रेंटा या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एक खोडसाळ प्रयोग प्रसिद्ध केला. सहभागी व्यक्तीच्या गालावर मेकअपने मोठा व्रण रंगवायचा आणि आरशात दाखवायचा. मग ‘रंग तडकू नये म्हणून क्रीम लावतो’ असं म्हणत तो गुपचूप पुसून टाकायचा. गाल स्वच्छ, पण ज्याचा गाल त्याला पत्ता नाही! अशा अवस्थेत अनोळखी माणसाशी गप्पा. नंतर विचारलं तर तक्रार ठरलेली: समोरचा अवघडला होता, व्रणाकडे बघत होता.

हा प्रयोग सांगितला की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘बघा, सगळे मनाचे खेळ!’ छे. याच क्लेकने १९६६ मध्ये सहकाऱ्यांसह दुसरी बाजू तपासली होती. एका धडधाकट माणसाचा पाय खास व्हीलचेअरमध्ये असा लपवला, की तो पाय गमावलेला वाटावा. त्याच्याशी बोलणाऱ्यांनी गप्पा लवकर आटोपल्या, शिवाय स्वतःची खरी मतंही मोकळेपणाने मांडली नाहीत.

म्हणजे अवघडलेपण कधी खरं असतं, कधी भासतं, आणि ज्या अपंग माणसाच्या वाट्याला येतं त्याला दोन्हींतला फरक कळायला मार्ग नसतो. मुलाखतीत नकार आला तो उत्तरांमुळे की कुबड्यांमुळे? कौतुक झालं ते कामाचं, की ‘बिचारा, तरीही करतो’ म्हणून? माझ्या मते सगळ्यात जास्त थकवतो तो हा हिशेब. प्रत्येक भेटीनंतर तो मांडत बसण्यापेक्षा भेटीच टाळणं सोपं वाटतं, आणि एकटेपणा असा हळूहळू जमतो. अर्थात कधीकधी जायची इच्छा असते, पण दाराशी चार पायऱ्या असतात. तिथे मानसशास्त्राचं काही चालत नाही.

मग अपंग माणसाचा आत्मसन्मान कमी असणारच, हे गृहीत मात्र टिकत नाही. जेनिफर क्रॉकर आणि ब्रेंडा मेजर या मानसशास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये मांडलं, की नकाराचं खापर समोरच्याच्या पूर्वग्रहावर फोडता आलं तर स्वतःबद्दलचं मत शाबूत राहू शकतं. घात होतो तो तेच पूर्वग्रह स्वतःला पटले की. ‘आपल्याला कुठे जमणार’ असं म्हणत माणूस अर्जच करत नाही. पॅट्रिक कॉरिगन यांनी मानसिक आजार असलेल्यांमध्ये ही अवस्था अभ्यासली आणि तिला नाव दिलं ते ‘कशाला प्रयत्न करायचा?’ या अर्थाचंच.

बाहेरून बघणाऱ्यांचा अंदाज किती चुकतो पाहा. १९९९ मध्ये अल्ब्रेक्ट आणि डेव्हलिगर या संशोधकांनी गंभीर अपंगत्व असलेल्यांना आयुष्य कसं चाललंय ते विचारलं. निम्म्याहून अधिक जणांचं उत्तर होतं, ‘चांगलं’ किंवा ‘उत्तम’. त्यांच्याकडे नुसतं बघून हे उत्तर कुणी दिलं नसतं.