यादीत नाव न घालता सापडणारी कमांड

राउटर किंवा बीगलबोन ब्लॅकसारखं छोटं बोर्ड चालू केलं की लिनक्सच्या आधी बऱ्याचदा यू-बूट नावाचा प्रोग्राम चालतो. सिरीयल पिनांना तीन वायरी जोडून लॅपटॉपवर टर्मिनल उघडा. उलटी मोजणी दिसेल. ती संपायच्या आत कीबोर्डवरची एखादी कळ दाबली की बूट थांबतं आणि कन्सोल, म्हणजे यू-बूटला कमांड टाइप करायची जागा, हाती येतो. 115200 बॉड या सिरीयल वेगाला सेकंदाला फार तर साडेअकरा हजार अक्षरं जातात. हार्डवेअर तपासायला तेवढी रग्गड झाली.

या कन्सोलमध्ये आपली स्वतःची कमांडही घालता येते. समजा बोर्डावर पंपाचा रिले (विजेने चालू-बंद होणारा स्विच) आहे आणि ‘रिले 10 ऑन’ टाइप केल्यावर दहा नंबरचा रिले लागायला हवा. सी भाषेत एक फंक्शन लिहायचं आणि फाइलच्या शेवटी एका मॅक्रोत, म्हणजे कोडच्या तयार साच्यात, कमांडचं नाव, जास्तीत जास्त किती शब्द चालतील, कुठलं फंक्शन बोलवायचं आणि मदतीचा मजकूर भरायचा. मुख्य प्रोग्रामला हात लावायचा नाही, कमांडांच्या कुठल्या यादीतही नाव घालायचं नाही. मग यू-बूटला ही कमांड सापडते कशी?

ही करामत लिंकरची. प्रत्येक फाइल वेगळी कंपाइल होते आणि लिंकर ते तुकडे जोडतो. मॅक्रो आपल्या कमांडची नोंद ठरावीक नावाच्या सेक्शनमध्ये (कप्प्यात) ठेवतो आणि लिंकर अशी सेक्शनं नावाप्रमाणे क्रमाने लावतो. सुरुवातीच्या खुणेच्या नावात 1, प्रत्येक नोंदीच्या नावात 2 आणि शेवटच्या खुणेच्या नावात 3 असतो. क्रम लावला की सगळ्या नोंदी आपोआप दोन खुणांच्या मध्ये येऊन बसतात! कमांड टाइप झाली की यू-बूट पहिल्या खुणेपासून शेवटच्या खुणेपर्यंत एकेक नाव ताडून बघतो. एक मेख मात्र आहे. या नोंदींचा नावानिशी उल्लेख कोडमध्ये कुठेच नसल्याने लिंकर त्यांना निरुपयोगी समजून टाकून देऊ शकतो. म्हणून ‘या ठेवायच्याच’ असं लिंकर स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवलेलं असतं.

फंक्शनच्या हाती तीन शब्द येतात, कमांडचं नाव धरून. ‘10’ हाही तिथे नुसता मजकूरच असतो, त्याचा आकडा आपणच करायचा. यू-बूटमध्ये आकडे दहाऐवजी सोळाच्या पायातले (हेक्साडेसिमल) धरायची रीत आहे, म्हणजे ती पाळली तर हा 10 होतो 16 आणि भलताच रिले लागतो. ‘स्लीप’ ही जुनी कमांड मात्र दशमान आकडा घेते. वैताग आहे, पण आता कोण बदलणार?

मॅक्रोत आणखी एक रकाना असतो: रिकामं एंटर दाबल्यावर मागची कमांड पुन्हा चालवायची का? मेमरी दाखवणाऱ्या ‘एमडी’ला तिथे 1 असतो, त्यामुळे एंटर दाबत गेलं की पुढचे पत्ते दिसत जातात. ‘रीसेट’ला 0. पंपाच्या रिलेलाही 0च द्यावा.

गिऱ्हाइकाकडे जाणाऱ्या बोर्डात ही कमांड नको असेल तर यू-बूट बनवतानाच्या कॉन्फिगमधला तिचा पर्याय बंद करायचा; फाइल कंपाइलच होत नाही आणि नोंद आपोआप गळते. पण ‘एमडी’ तशीच राहिली तर वायरी जोडणारा कुणीही मेमरी वाचू शकतो. ते टाळायला बूटडिले, म्हणजे उलट्या मोजणीचे सेकंद ठरवणारी सेटिंग, -2 ठेवतात: मग उलटी मोजणी होत नाही आणि कळ दाबली का हे यू-बूट बघतच नाही.