पार्श्वभूमी : 'लुबिच टच' आणि बंद दार

हॉलिवूडचे जर्मन दिग्दर्शक अर्न्स्ट लुबिच यांचं नाव निघालं की पाठोपाठ 'लुबिच टच' हा शब्दप्रयोग येतोच, म्हणजे गोष्ट उघड न दाखवता नुसती सुचवण्याची त्यांची शैली. बर्लिनची वर्षं, म्हणजे शिंप्याच्या घरातला मुलगा, रंगभूमीवरच्या किरकोळ भूमिका, मग मूकपट, हे इथे बाजूला ठेवू. १९२२ मध्ये ते अमेरिकेला गेले आणि दोन वर्षांत 'द मॅरेज सर्कल'पासून नवरा-बायको-तिसरा हा खेळ त्यांचा हक्काचा झाला.

घोळ आहे तो 'टच' या शब्दाचा. स्टुडिओच्या जाहिरातवाल्यांनी तो इतका वापरला की अर्थच पातळ झाला. शिवाय श्रेय सगळं दिग्दर्शकाकडे गेलं. एकाच पटकथाकाराने त्यांच्या नऊ चित्रपटांवर काम केलं होतं, हे सहसा कोणी सांगत नाही.

एक ठरावीक स्पष्टीकरण असं, की सेन्सॉरने उघड दाखवू दिलं नाही म्हणून लुबिच सूचक झाले. हे तारखांत बसत नाही. चित्रपटात काय दाखवू नये हे ठरवणारी हॉलिवूडची नैतिक संहिता १९३० मध्ये आली, तिचा बडगा खऱ्या अर्थाने उगारला गेला १९३४च्या मध्यावर. त्याआधी १९२५ मध्येच त्यांनी 'लेडी विंडरमिअर्स फॅन' हे शाब्दिक कोट्यांसाठी गाजलेलं नाटक घेतलं आणि त्यातल्या कोट्या जवळपास सगळ्या गाळून नुसत्या नजरांवर चित्रपट उभा केला. त्यांच्या पहिल्या अमेरिकी चित्रपटाची नायिका तर पुढे वैतागून म्हणाली, हा माणसांचा नव्हे, दारांचा दिग्दर्शक. टोमणा होता, पण वर्णन अचूक.

'द मेरी विडो' (१९३४) मधला राजा आठवा. तो राणीच्या महालातून बाहेर पडतो. पहाऱ्यावरचा देखणा अधिकारी आत शिरतो. राजाला तलवार-पट्टा विसरल्याचं आठवतं, तो परत जातो, पट्टा घेऊन हसतच बाहेर येतो. आत काही पाहिलेलं नाही. जिना उतरताना पट्टा बांधू लागतो, तर तो पोटाभोवती पुरत नाही. पट्टा दुसऱ्याचा! आपल्याकडे याला सरळ व्यंजना म्हणता येईल. प्रेक्षकाने दोन अधिक दोन स्वतः करायचे. 'ट्रबल इन पॅरडाइज'मध्ये (१९३२) तर एक अख्खी संध्याकाळ घड्याळांवर सरते. माणसं दिसत नाहीत, आवाज तेवढे ऐकू येतात.

नंतरचे चित्रपट अधिक हळवे. 'निनोच्का' (१९३९), आणि पाठोपाठ 'द शॉप अराउंड द कॉर्नर' (१९४०), ज्यावरून १९९८ चा ईमेलवाला रिमेक निघाला. बुडापेस्टमधल्या दुकानातली ती नोकरमाणसं मला तरी त्या राजेराण्यांपेक्षा जवळची वाटतात. १९४२ मध्ये नाझींवर 'टू बी ऑर नॉट टू बी' काढला तेव्हा मात्र अनेकांना हसू आलं नाही. पोलंड जळत असताना ही थट्टा त्यांना झोंबली. मार्च १९४७ मध्ये मानद ऑस्कर मिळालं, नोव्हेंबरमध्ये हृदयविकाराने मृत्यू आला. वय ५५.

संहितेने शैली घडवली नाही, पण चित्रपट दडपला जरूर. १९३५ मध्ये 'ट्रबल इन पॅरडाइज'ला पुन्हा प्रदर्शनाची परवानगी नाकारली गेली. तो लोकांसमोर परत आला १९६८ मध्ये. दिग्दर्शकाला जाऊन तोवर वीस वर्षं उलटली होती.