बल्गर आणि दलिया: आंबा-अननसाच्या सॅलडमध्ये कोणता कसा वापरायचा

‘एक वाटी बल्गरवर उकळतं पाणी ओता, पंधरा मिनिटं झाकून ठेवा, गार झाल्यावर आंब्याच्या फोडी मिसळा.’ अशी कृती वाचली की बरेच जण डब्यातला दलिया काढतात. दोन्ही गव्हाचेच तुकडे, दिसायलाही जवळपास सारखे, मग काय बिघडतंय? पंधरा मिनिटांनी झाकण काढल्यावर दलिया वरून फुगलेला दिसतो, पण चावल्यावर आत टणक आणि कच्च्या पिठासारखा लागतो. मग नावं ठेवली जातात कृतीला.

दलिया म्हणजे कच्चा गहू भरडून चाळलेला. बल्गर करताना गहू आधी अख्खा उकडतात, मग वाळवतात आणि शेवटी भरडतात. साध्या आणि उकड्या तांदळात जो फरक, तोच इथे. उकडताना दाण्यातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि वाळल्यावर घट्ट बसतो. म्हणजे शिजण्याचं मुख्य काम आधीच उरकलेलं असतं, तुम्ही फक्त पाणी परत पाजायचं. बारीक बल्गर तर गॅसवर ठेवावाही लागत नाही. जाड बल्गरला मात्र दुप्पट पाण्यात बारा-पंधरा मिनिटं मंद आच लागते, हे पुष्कळ कृतींत लिहायचं राहून जातं.

पाकिटावर नीट लिहिलेलं नसेल तर चिमूटभर तुकडे काळ्या ताटलीत पसरून पाहा. दलियाचा तुकडा जिथे तुटला तिथे पांढरा, खडूसारखा दिसतो आणि तळहातावर चोळला की पीठ लागतं. बल्गरचा तुकडा आरपार एकाच रंगाचा, पिवळसर-तपकिरी, किंचित चकचकीत असतो; हाताला जवळजवळ काहीच लागत नाही. तरीही शंका असेल तर चमचाभर तुकडे गरम पाण्यात टाका. दलियाचं पाणी चटकन दुधाळ होतं. एक फसगत मात्र सांभाळा: ‘भाजलेला दलिया’ म्हणजे बल्गर नव्हे. कोरडं भाजल्याने खमंगपणा येतो, दाणा शिजत नाही.

मग दलिया या सॅलडला चालतच नाही का? उत्तम चालतो, फक्त रीत बदलावी लागते. नेहमीसारखा मोजक्या पाण्यात शिजवला तर बाहेर आलेल्या स्टार्चमुळे तो खिरीकडे झुकतो, आणि सॅलडला दाणा सुटा हवा. त्यासाठी जाड दलिया घ्या, चमचाभर तेलावर वास सुटेपर्यंत परता आणि भरपूर उकळत्या, मीठ घातलेल्या पाण्यात पास्त्यासारखा शिजवा. बारा मिनिटांनंतर दर मिनिटाला एक दाणा चावून पाहा. मधला टणक ठिपका गेला की लगेच गाळणीत ओता, परातीत पसरा आणि काट्याने मोकळा करा. ढीग करून ठेवलात तर स्वतःच्या वाफेत तो शिजतच राहतो. पोत बल्गरपेक्षा थोडा चिवट येतो. माझ्या मते अननसाच्या रसरशीत, आंबट फोडींना तोच जास्त शोभतो. मऊ आंब्याला बारीक बल्गर बरा.

बारीक बल्गरचं प्रमाण असं: एक वाटी बल्गर, सव्वा वाटी उकळतं पाणी, चिमूटभर मीठ, वर घट्ट झाकण. पाण्यातला पाव वाटी भाग अननसाचा रस असला तर दाण्यात आतपर्यंत चव मुरते. पूर्ण गार झाल्यावर पिकलेल्या पण घट्ट आंब्याच्या फोडी, काकडी, बारीक चिरलेला कांदा, हिरवी मिरची, पुदिना, एका लिंबाचा रस आणि चमचाभर तेल. फळ गरम दाण्यात घालू नका: आंब्याचा लगदा होतो आणि क जीवनसत्त्वही कमी होतं. इथे क जीवनसत्त्व नुसतं शोभेचं नाही. अख्ख्या धान्यातलं फायटिक आम्ल लोहाच्या शोषणात आडवं येतं, आणि क जीवनसत्त्व ते शोषण सुधारतं. 100 ग्रॅम आंब्यात ते साधारण 36 मिलिग्रॅम, अननसात 48 आणि पपईत 60 च्या आसपास असतं.

कोणता अधिक पौष्टिक, यावर वाद घालण्यासारखं फार काही नाही. बल्गर करताना थोडा कोंडा निघतो, तरी दोन्ही अख्ख्या धान्यातच मोडतात. शिजलेल्या 180 ग्रॅम बल्गरमध्ये सुमारे 150 कॅलरी, 8 ग्रॅम तंतू आणि साडेपाच ग्रॅम प्रथिनं मिळतात. ग्लूटेन (गव्हातलं प्रथिन) मात्र दोन्हींत आहे, त्यामुळे सिलिअॅक, म्हणजे ग्लूटेन न चालण्याचा आजार, असलेल्यांसाठी यांतलं एकही नाही.

सॅलडमध्ये दही किंवा पनीर घालायचं असेल तर ताज्या अननसाकडे लक्ष ठेवा. त्यातलं ब्रोमेलेन हे विकर दुधातली प्रथिनं तोडतं, आणि तासाभरात दही पातळ आणि कडवट होऊ लागतं. अननसाच्या फोडी आधी दोन-चार मिनिटं चांगल्या गरम तव्यावर आतपर्यंत परतून गार केल्या, किंवा डबाबंद अननस घेतला, तर हा प्रश्न येत नाही. आंब्याबरोबर दही बिनधास्त घाला.