ऑनलाइन साधने आणि भावी शिक्षकाची तयारी : पार्श्वभूमी

छात्राध्यापकाच्या, म्हणजे शिक्षक होण्याचे प्रशिक्षण घेणाऱ्याच्या, पाठ टाचणात (पाठाच्या लेखी आराखड्यात) आज फलक, नकाशा आणि प्रतिकृती यांच्या जोडीला ऑनलाइन साधनांचाही विचार अपेक्षित असतो. प्रश्नमंजुषा, चित्रफीत किंवा आभासी प्रयोगशाळा वर्गात उघडून दाखवणे त्याला फारसे जड जात नाही. ते साधन कोणत्या घटकासाठी, पाठाच्या कोणत्या टप्प्यावर आणि कशासाठी वापरायचे, हे ठरवताना मात्र तो अडखळतो. या अडचणीला मोठा इतिहास आहे. साधन आधी वर्गात येते, शिक्षकाची तयारी मागाहून सुरू होते आणि ती कशी असावी याची समज तर त्याहूनही उशिरा येते, असे शिक्षणातील यंत्रांच्या वाटचालीत वारंवार घडले आहे.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ सिडनी प्रेसी यांनी १९२० च्या दशकात उत्तरे तपासणारे एक यंत्र तयार केले. पुढे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९५३ मध्ये आपल्या मुलीच्या गणिताच्या वर्गाला भेट दिली, तेव्हा सोडवलेले उदाहरण बरोबर की चूक हे मुलांना लगेच कळत नाही, ही उणीव त्यांना जाणवली आणि त्यातून त्यांचे अध्यापन यंत्र आकाराला आले. आजच्या ऑनलाइन चाचण्यांत उत्तर देताक्षणी मिळणारे प्रत्याभरण (उत्तर बरोबर की चूक याची माहिती) याच विचाराच्या परंपरेतले आहे. या मांडणीत आशय आणि त्याचा क्रम यंत्रात आधीच ठरलेला असल्यामुळे, शिक्षकाने साधनाविषयी काही वेगळे शिकावे, हा प्रश्न मध्यवर्ती झालाच नाही.

तो प्रश्न निराळ्या रूपात पुढे आला तो इलिनॉय विद्यापीठात. डोनाल्ड बिट्झर यांच्या नेतृत्वाखाली १९६० मध्ये तेथे ‘प्लेटो’ ही संगणकाधारित अध्यापन प्रणाली सुरू झाली. पॉल टेन्झार यांनी १९६७ मध्ये तिच्यासाठी ‘ट्यूटर’ ही संगणकभाषा तयार केली, ती संगणकतज्ज्ञ नसलेल्या शिक्षकालाही स्वतःचा पाठ लिहिता यावा म्हणून. १९७३ मध्ये याच प्रणालीवर चर्चेची आणि संवादाची सोयही झाली. आजच्या ऑनलाइन वर्गाची बरीच लक्षणे तेथे महाजाल (वेब) येण्याच्या कितीतरी आधी दिसतात. पण माझ्या मते त्या प्रयोगातील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे शिक्षकाला पाठाचा कर्ता मानण्याची भूमिका. सीमोर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्येच घडवलेल्या ‘लोगो’ या मुलांसाठीच्या संगणकभाषेने हे कर्तेपण मुलांपर्यंत नेले.

१९८० च्या दशकात छोटे संगणक शाळांत पोहोचले, तेव्हा ही दृष्टी मागे पडली. शिक्षक-प्रशिक्षणात संगणक आला तो स्वतंत्र विषय म्हणून : यंत्राचे भाग, काही आज्ञा, अक्षरजुळणी. इतिहास किंवा विज्ञान शिकवण्याच्या पद्धतीशी त्याचा संबंध क्वचितच जोडला गेला. चित्रपट, रेडिओ आणि दूरचित्रवाणी या तिन्हींविषयी आधी मोठ्या अपेक्षा बाळगल्या गेल्या आणि वर्गातील त्यांचा वापर मात्र तुरळकच राहिला, हे शिक्षणाचे अभ्यासक लॅरी क्यूबन यांनी १९८६ मध्ये दाखवून दिले होते. त्याच वर्षी शिक्षणतज्ज्ञ ली शुल्मन यांनी शिक्षकाच्या ज्ञानाविषयी एक मूलभूत मांडणी केली. विषय येणे आणि शिकवण्याची सर्वसाधारण तंत्रे येणे पुरेसे नसून, विशिष्ट आशय विशिष्ट विद्यार्थ्यांना समजेल अशा रूपात कसा मांडावा, हे स्वतंत्र आणि शिक्षकाचे खास ज्ञान आहे, असे त्यांनी म्हटले. तंत्रज्ञानाशी त्या वेळी थेट संबंध नसलेला हा विचारच पुढे निर्णायक ठरला.

दरम्यान महाजाल सर्वांसाठी खुले झाले आणि १९९५ मध्ये सॅन डिएगो स्टेट विद्यापीठात एक उल्लेखनीय प्रयोग झाला. प्राध्यापक बर्नी डॉज यांना भावी शिक्षकांच्या वर्गात एका शैक्षणिक सॉफ्टवेअरची ओळख करून द्यायची होती, परंतु ते सॉफ्टवेअर हाताशी नव्हते. म्हणून त्यांनी त्याविषयीचे अहवाल, काही संकेतस्थळे आणि ते जाणणाऱ्यांशी संवादाची सोय उपलब्ध करून दिली आणि आपापल्या सरावशाळेत ते वापरावे का, वापरल्यास कसे, याचा निर्णय गटांवर सोपवला. डॉज यांनी स्वतः व्याख्यान दिले नाही. विद्यार्थी माहिती पारखत, वाद घालत निष्कर्षापर्यंत गेले. यातूनच ‘वेबक्वेस्ट’ ही पद्धत जन्मली आणि टॉम मार्च यांच्या साहाय्याने ती जगभर पसरली. ऑनलाइन माहितीवर आधारलेली ही पाठपद्धती छात्राध्यापकांच्याच वर्गात घडली, आणि तिच्या केंद्रस्थानी साधन निवडण्याचा विवेक होता, हे आजही विसरता कामा नये.

त्यानंतर संस्थात्मक हालचाली वेगाने झाल्या. अमेरिकेच्या शिक्षण विभागाने १९९९ पासून भावी शिक्षकांच्या तंत्रज्ञान-तयारीसाठी अनुदाने दिली. ‘इस्टे’ या शिक्षणातील तंत्रज्ञानासाठी काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००० मध्ये शिक्षकांसाठी मानके जाहीर केली. युनेस्कोचा शिक्षकांसाठीचा माहिती-तंत्रज्ञान क्षमता-आराखडा २००८ मध्ये आला आणि २०११ व २०१८ मध्ये सुधारला गेला. मानकांनी काय यावे हे सांगितले, पण ते कसे येते याचे उत्तर मिशिगन स्टेट विद्यापीठातील पुण्या मिश्रा आणि मॅथ्यू केलर यांनी २००६ मध्ये अधिक नेमकेपणाने दिले. शुल्मन यांच्या मांडणीत तंत्रज्ञानाची भर घालून, आशय, अध्यापनपद्धती आणि तंत्रज्ञान यांच्या परस्परसंबंधातून शिक्षकाचे ज्ञान घडते, असे त्यांनी प्रतिपादन केले. ‘टीपॅक’ (तंत्रज्ञान, अध्यापनपद्धती आणि आशय यांचे ज्ञान या अर्थाच्या इंग्रजी नावाचे लघुरूप) नावाने ओळखल्या जाणाऱ्या या चौकटीमुळे सुटा संगणक-अभ्यासक्रम अपुरा का पडतो, हे स्पष्ट झाले. भूमितीतील रचना पडद्यावर हलवून दाखवणे आणि कवितेवर सामायिक टिपणे लिहून घेणे, या दोन्ही कृतींमागचे अध्यापनविचार वेगळे असतात, आणि ते त्या त्या विषयाच्या पद्धतीतच शिकावे लागतात.

हे शिकणे कशाने साधते, यासाठी बेल्जियममधील संशोधक यो टोंडर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये आधीच्या गुणात्मक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. छात्राध्यापकांना शिकवणाऱ्या प्राध्यापकांचे प्रत्यक्ष उदाहरण, चिंतन, पाठरचना, सहकाऱ्यांबरोबरचे काम, खऱ्या वर्गातील अनुभव आणि सततचे प्रत्याभरण यांचे महत्त्व त्यात पुढे आले.

पुढे २०२० मध्ये महासाथीमुळे १९० हून अधिक देशांतील सुमारे १६० कोटी विद्यार्थ्यांच्या शाळा-महाविद्यालयांवर परिणाम झाला, आणि अनेक छात्राध्यापकांना सरावपाठही ऑनलाइन घ्यावे लागले. साधने शिकण्याचा वेग त्या काळात खूप वाढला, विचारपूर्वक निवडीला मात्र सवड मिळाली नाही. २०२२ च्या अखेरीस संवादी कृत्रिम बुद्धिमत्ता सर्वांच्या हाती आली, आणि युनेस्कोने २०२४ मध्ये शिक्षकांसाठी त्याविषयीचा स्वतंत्र क्षमता-आराखडा प्रसिद्ध केला. ही साधने पाठ टाचणही लिहून देऊ शकत असल्यामुळे, छात्राध्यापकाने केलेल्या निवडीमागचे कारण पाठ-निरीक्षणाच्या वेळी त्याच्याकडूनच ऐकून घेणे आता मार्गदर्शकाच्या कामाचा आवश्यक भाग झाले आहे.